अकरा कप

सावदा-रावेर रस्त्यावर आमचा काटा आहे,
चाळीस टनी.
केळीची गाडी आधी रिकामी चढते, मग भरून चढते,
मधला फरक तेवढा केळी.
बाकी लोखंड, डिझेल, ड्रायव्हर
आणि त्याच्या सीटखालचा स्टोव्ह.
अकरा वर्षं मी ही एकच वजाबाकी करते आहे.

देवश्रीच्या वाढदिवसाला आठवी ब च्या बावीस पोरी येणार.
वहीत तिने कृती उतरवून आणलेली:
चार माणसांना दोन कप मॅकरोनी.
म्हणजे बावीस जणींना अकरा कप,
एवढं तिलाच येतं.
पण टेनू शेठच्या दुकानात पोत्यात हात घालून शेठ विचारतो,
"कपात नको, ताई. किलोत बोला."

किलोत बोलणं माझं रोजचं काम.
पण माझ्या काट्याला दहा किलोच्या खालचं दिसत नाही.
त्याच्यावर मूठभर मॅकरोनी ठेवली
तर तो शून्यच दाखवेल, अगदी प्रामाणिकपणे.

आणि कप तरी कोणता?
चहाचा, पाहुण्यांचा, की कान तुटलेला, ज्यात ब्रश ठेवतो तो?
शेवटी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फोडली,
दोन सारख्या ग्लासांत निम्मी निम्मी ओतली,
दूध जिथे थांबलं तिथे देवश्रीने नेलपॉलिशची रेघ मारली.
गुलाबी.
हा आमचा कप.

घरात पाचशे ग्रॅमचं एक बंद पाकीट होतं, वाकड्या मॅकरोनीचं.
रेघेपर्यंत भरायचं, परातीत ओतायचं.
शीग लावायची नाही,
ग्लास आपटायचा नाही,
आपटला की चार दाणे आणखी मावतात
आणि सगळा हिशोब हलतो.
चार ग्लास झाले, वर एक मूठ.
कपाला एकशे अठरा धरले,
अकराचे झाले तेराशे.

द्वारकामावशी शेवया करून द्यायची, उन्हाळाभर.
मजुरी नेहमी गव्हावर ठरवायची, शेवयांवर कधीच नाही.
कोणी म्हटलं, पायलीभर शेवया दे,
तर म्हणायची,
"पायलीत शेवई कमी अन् हवा जास्त, माय.
हवेचे पैसे मी कशी घेऊ?
अन् तुले तरी कशी इकू?"
तेव्हा मला ती उगाच अडून बसते असं वाटायचं.

दुकानात गेलो तर वाकडी संपलेली.
उरली ती नळीवाली, तिरकी कापलेली.
ग्लास बरोबर नेला होता. शेठने भरून काट्यावर ठेवला,
ग्लास वजा जाता पंच्याण्णव.
"मम्मी, रेघ तर तीच आहे!"
रेघ तीच, ग्लास तोच,
पण नळ्या एकमेकींवर आडव्या पडतात,
कोणी कोणाच्या कुशीत शिरत नाही.
मग अकरा कप घ्यायचे की तेराशे ग्रॅम?
भूक काही कपात लागत नाही, म्हटलं,
तेराशे द्या.
शेठने शेवटी चार नळ्या वर टाकल्या, वजनाच्या बाहेरच्या.

लियाकत तेव्हा दिल्लीची गाडी लावून उभा होता.
त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,
"बाई, मग माझ्या टायरातली हवा किती किलो?"
मी म्हटलं, ती रिकाम्या गाडीत धरलेली आहे.
तो बराच वेळ टायरकडे बघत राहिला.

संध्याकाळी पोरी आल्या.
जेवणाआधी सगळ्या काट्यावर उभ्या राहिल्या, खिदळत, दाटीवाटीने.
आठशे चाळीस.
मग पातेलं खरवडून रिकामं केलं,
एकीने झाकणसुद्धा चाटलं,
आणि पुन्हा चढल्या.
आठशे चाळीस.

देवश्रीने दोन्ही पावत्या मागून घेतल्या.
गाडी क्रमांकाच्या जागी लिहिलं: आठवी ब.
मालाच्या जागी काय लिहू, विचारत होती.
मी तोवर लियाकतची गाडी चढवून घेतली.